पंपेच्या वाळवंटांतील धर्मसभा

केरळांतील सिरियन ख्रिस्ती समाजाचा इतिहास वाचूं लागलें म्हणजे एक गोष्ट प्रथमच डोळ्यांत भरते, ती ही कीं, हा इतिहास सभांनीं मोजतां येतो. दुसऱ्या समाजांचा इतिहास राजांच्या कारकीर्दींनीं किंवा साधुसंतांच्या पिढ्यांनीं मोजण्याची वहिवाट आहे. ह्या समाजाच्या बखरींत मात्र उदयंपेरूर, मट्टांचेरी, मावेलिक्करा, मुळंतुरुत्ती अशीं गांवांचीं नांवें एकामागून एक येतात आणि प्रत्येक नांवापाठीमागें कोणती तरी एक सभा उभी असते. कोठें शपथ झाली, कोठें ठराव झाले, कोठें भाऊ भावापासून तुटला. ह्या मालिकेंतील सर्वांत अलीकडची, आणि आमच्या मतें सर्वांत निराळी, सभा म्हणजे मारामण येथें पंपा नदीच्या वाळवंटांत दरवर्षीं फेब्रुवारी महिन्यांत भरणारी आठ दिवसांची सभा होय. ती आम्हीं स्वतः जाऊन पाहिली. परंतु पाहिलेलें सांगण्यापूर्वीं तिच्या मागची हकीकत सांगणें अवश्य आहे. कारण ती हकीकत ठाऊक नसेल तर तें दृश्य केवळ एक मोठी यात्रा वाटेल, आणि यात्रा पाहण्यासाठीं मराठी माणसानें इतक्या लांब जाण्याचें कांहींच कारण नाहीं.

ह्या सभांपैकीं पहिलीशीं गोमंतकाचा निकटचा संबंध आहे. येशूचा शिष्य तोमा हा इ. स. ५२ मध्यें मलबारच्या किनाऱ्यास उतरला अशी ह्या समाजाची दृढ परंपरा आहे. ती इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते हा वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. पोर्तुगीज येण्यापूर्वीं कित्येक शतकें हा समाज मलबारांत नांदत होता, त्याचे बिशप इराणाकडून येत, त्याची उपासना सुरियानी भाषेंत चाले, आणि तेथील राजेलोक त्याला मान देत, एवढें निर्विवाद आहे. पोर्तुगिजांना ही स्वतंत्र चाल मानवण्यासारखी नव्हती. गोव्याचा आर्चबिशप आलेश द मेनेझिस हा १५९९ च्या आरंभीं मलबारांत आला, गांवोगांव फिरला, कांहींना चुचकारून व कांहींना धाक घालून त्यानें आपल्या बाजूस वळविलें, आणि २० जूनला कोचीनजवळ उदयंपेरूर येथें धर्मसभा बोलाविली. १५३ कत्तनार, म्हणजे देशी धर्मगुरु, आणि ६६० गृहस्थ तेथें जमल्याचे आंकडे मिळतात. सभा आठवडाभर चालली. ठरावांचा मसुदा अगोदरच पोर्तुगीज भाषेंत तयार होता. तो मलयाळींत वाचून दाखवावयाचा आणि जमलेल्यांनीं खालीं सह्या करावयाच्या, इतकेंच काम सभेकडे उरलें होतें. जुन्या सुरियानी ग्रंथांपैकीं कांहीं दुरुस्त करावे व कांहीं जाळावे असें ठरलें. त्या अग्नींत ह्या समाजाच्या पूर्वेतिहासाचीं किती साधनें गेलीं ह्याची गणती आतां कोणालाही करतां यावयाची नाहीं.

ह्या संबंधांत एक गोष्ट मराठी वाचकांच्या ध्यानांत आणून द्यावीशी वाटते. मेनेझिस मलबारांत सुरियानी पोथ्यांची झडती घेत होता त्याच काळांत गोव्याच्या साष्टी प्रांतांत फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मराठी ओवी आत्मसात करीत होता. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. धर्म तोच, सत्ता तीच. पण एकीकडे लोकांची जुनी वाणी पुसण्याचा यत्न आणि दुसरीकडे लोकांची वाणी शिकून घेण्याचा. एकाच आज्ञेखालीं वावरणारीं माणसें एकाच स्वभावाचीं असतात असें समजणाऱ्या इतिहासकारांनीं ह्या जोडीचा विचार करावा.

उदयंपेरूरच्या ठरावांत एक ठराव आजच्या वाचकानें थांबून वाचावा असा आहे. खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीच्या मनुष्याचा स्पर्श झाला तर विटाळ होतो, ही ख्रिस्ती लोकांतही रूढ असलेली समजूत सभेनें निंद्य ठरविली. पण नायर शेजाऱ्यांशीं व्यवहार तुटूं नये म्हणून त्यांच्या देखत तो आचार पाळण्याची मोकळीक ठेविली. पुढील काळाचा अनुभव असा कीं, ठराव विसरला गेला आणि मोकळीक तेवढी राहिली. ह्या मोकळिकीकडे आम्हांस पुढें पुन्हा वळावें लागणार आहे.

सह्या करून घेतलेली निष्ठा चोपन्न वर्षें कशीबशी टिकली. ३ जानेवारी १६५३ रोजीं मट्टांचेरी येथें हजारों लोक जमले आणि जेझुइटांची आज्ञा यापुढें मानणार नाहीं अशी त्यांनीं शपथ घेतली. सर्वांचे हात क्रुसाला पोंचणें शक्य नव्हतें, म्हणून क्रुसाला दोर बांधून लोकांनीं तो धरला व त्या ओढीनें क्रूस वांकला, अशी आख्यायिका आहे. त्यावरून त्या शपथेस ‘वांकड्या क्रुसाची शपथ’ हें नांव पडलें. त्याच वर्षीं आर्चडीकन तोमा ह्यास लोकांनीं आपला बिशप केलें. पुढें पुष्कळ कुटुंबें रोमच्या बाजूस परत गेलीं, राहिलेल्यांनीं अंत्योखच्या पात्रियार्काशीं संधान बांधलें, आणि एका समाजाचे दोन झाले.

दोनांचे तीन कसे झाले ही हकीकत मारामणच्या अगदीं दाराशीं येऊन पोंचते. १८१६ पासून इंग्रज मिशनरी कोट्टयम येथील सेमिनरींत शिकवूं लागले. बायबल मलयाळींत उतरत होतें. बेंजामिन बेली ह्यानें केलेला नवा करार १८२९ सालीं छापून निघाला. त्या सेमिनरींत मारामणचा एक धर्मगुरु अध्यापक होता. पालक्कुन्नत अब्राहम मल्पान हें त्याचें नांव. मल्पान म्हणजे सुरियानी भाषेंत गुरु. बायबल देशभाषेंत वाचल्यावर उपासना परभाषेंत कां, मृतांसाठीं प्रार्थना कां, मूर्तीपुढें नवस कां, असे प्रश्न त्याला पडूं लागले. १८३६ च्या जानेवारींत मावेलिक्करा येथें धर्मसभा भरली आणि तिनें मिशनऱ्यांच्या सर्व सूचना झिडकारल्या. हा नकार स्वाभिमानाचा होता, हें मान्य केलें पाहिजे. पोर्तुगिजांच्या सहीसोहळ्याचा अनुभव घेतलेल्या समाजानें दुसऱ्या गोऱ्या गुरूंना दार लावून घेतलें ह्यांत नवल नाहीं. मल्पानाची अडचण अशी कीं, त्याला मिशनऱ्यांच्या मंडळींत जावयाचें नव्हतें आणि जुन्या रीतीही चालवावयाच्या नव्हत्या. १८३७ सालीं त्यानें मारामणच्या आपल्या चर्चमध्यें उपासना मलयाळी भाषेंत चालविली, आणि ज्या काष्ठमूर्तीपुढें लोक नवस फेडीत ती मूर्ति काढून टाकिली. बिशपानें त्याला बहिष्कृत केलें. तेव्हां त्यानें आपल्या पुतण्यास थेट तुर्कस्तानांत मार्दिन येथें पात्रियार्काकडे धाडिलें. तो १८४३ सालीं मॅथ्यूज मार अथानेसियस ह्या नांवानें बिशप होऊन परतला. मल्पान स्वतः १८४५ त, पन्नाशीच्या आंतच, वारला.

ह्यापुढें चाळीस वर्षें जो तंटा चालला त्याचा तपशील आम्ही गाळतों. खुद्द पात्रियार्क १८७६ त केरळांत आला, मुळंतुरुत्ती येथें सभा भरवून त्यानें सुधारकांना बाहेर काढलें, आणि १८७९ त प्रकरण कोर्टांत गेलें. दहा वर्षें वाद चालला. १२ जुलै १८८९ रोजीं त्रावणकोरच्या वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला. तिघां न्यायाधीशांपैकीं दोघे सुधारकांच्या विरुद्ध गेले आणि ऑर्म्सबी हा एकटा त्यांच्या बाजूस राहिला. त्या निकालानें सेमिनरी गेली आणि बहुतेक चर्चमंदिरेंही हातचीं गेलीं. बापजाद्यांचीं थडगीं ज्या आवारांत होतीं तें आवार परकें झालें. मारामण, कोळेंचेरी अशीं थोडींच ठिकाणें राहिलीं. जे बाहेर पडले त्यांनीं नारळीच्या झावळ्यांचे मांडव घालून उपासना चालविली.

आतां ह्या निकालाच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १८८८ त, ह्या पक्षांतील बारा माणसांनीं एक प्रचारक मंडळी स्थापिली होती. त्यांत मोठा धर्माधिकारी कोणी नव्हता. ह्याच मंडळीनें पुढें मारामणची सभा सुरू केली. १८९५ हें तिच्या आरंभाचें वर्ष सामान्यतः सांगतात. चर्चें गेलीं म्हणून लोक वाळवंटांत आले, असें एक सुटसुटीत कारण पुष्कळ वेळां देण्यांत येतें. तें आम्हांस पुरतें पटत नाहीं. मारामणचें चर्च तर गेलेलें नव्हतें. शिवाय मंडळी निकालाच्या आधींची आहे. आमच्या मतें खरें कारण दुसरें आहे. दहा वर्षें कोर्टकज्जांत घालविलेल्या समाजाच्या तोंडाला दस्तऐवज, मालकी, वारसा ह्यांची कडू चव आलेली असते. ज्या जागेवर कोणाचीच मालकी नाहीं, जी पावसाळ्यांत नदी घेऊन जाते आणि हिवाळ्यांत परत देते, तेथें बसावें असें अशा लोकांना वाटलें तर तें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. व्यावहारिक कारणही होतेंच: तेवढा जनसमुदाय मावेल असें दुसरें मैदान त्या झाडींत नव्हतें.

त्या वेळीं अशा सभांचा वारा सर्वत्र वाहत होता. इंग्लंडांत केज्विक येथें १८७५ पासून दरवर्षीं मंडपांत मोठी सभा भरत असे. आपल्याकडे पंडिता रमाबाई शारदासदनांतील मुलींना घेऊन लोणावळ्याच्या शिबिरांस जात, आणि १८९८ सालीं त्या खुद्द केज्विकला जाऊन बोलल्या. मुक्तिसदनांत १९०५ त जी जागृति झाली तिचें मूळ शोधणाऱ्यांनीं ह्या शिबिरांचा इतिहास पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. मारामण हें त्याच वाऱ्यावर रुजलेलें बीज आहे, परंतु जमीन निराळी असल्यामुळें झाडही निराळें झालें. सिलोनहून आलेल्या तमिळ उपदेशकांनीं पहिली सभा गाजविली. पुढें तिनेवेल्लीचा मिशनरी टॉमस वॉकर वर्षांनुवर्षें येत असे. १९१८ त साधु सुंदरसिंग आला. स्टॅन्ली जोन्स तर कित्येक दशकें येत राहिला. गोरा पाहुणा येई, बोले आणि जाई. व्यवस्था, पैसा आणि निर्णय देशी लोकांच्याच हातीं राहिला. ही गोष्ट आज क्षुल्लक वाटेल, पण त्या काळीं हिंदुस्थानांतल्या फारच थोड्या ख्रिस्ती संस्थांविषयीं असें म्हणतां आलें असतें.

आम्ही गेलों तें चेंगन्नूरच्या मार्गानें. तेथें आगगाडी सोडून मोटारीनें निघालें कीं आरन्मुळा लागतें. तेथलें पार्थसारथीचें देऊळ, धातूचे आरसे आणि श्रावण-भाद्रपदांतल्या सर्पनौका प्रसिद्ध आहेत. त्याच्या वरच्या अंगास कोळेंचेरी आणि नदीपलीकडे मारामण. फेब्रुवारींत पंपा आटलेली असते; तिच्या एका अंगास पाण्याची धार आणि दुसऱ्या अंगास पांढरी वाळू. कांठावरून वाळूवर उतरण्यास तात्पुरता पूल बांधलेला होता. वाळूवर झावळ्यांचा मंडप, एवढा विस्तीर्ण कीं एका टोकाहून दुसऱ्या टोकाचीं माणसें ओळखूं येत नाहींत. मंडपाला भिंत नाहीं. खालीं वाळूच, तिच्यावर लोक मांडी घालून बसलेले, म्हाताऱ्यांना व अशक्तांना तेवढ्या खुर्च्या. बहुतेकांचे कपडे पांढरे. कांहीं फार वृद्ध स्त्रिया जुन्या सिरियन पद्धतीच्या पांढऱ्या चट्टा-मुंडूंत होत्या. हा पोशाख आतां दुर्मिळ झाला आहे.

पंढरीच्या वाळवंटाची आठवण झाल्यावांचून कोणा मराठी माणसाला राहवणार? आम्हांसही ती झाली. पण पहिल्या तासाभरांतच दोहोंतला भेद मनावर ठसला. चंद्रभागेच्या वाळवंटांत मनुष्य चालून आलेला असतो, नाचतो, गातो, दुसऱ्याच्या पायां पडतो. तेथें शरीरालाही भक्तीचा वांटा मिळतो. मारामणला मनुष्य ऐकण्यासाठीं येतो. हजारों माणसें तासच्या तास निश्चल बसून एका माणसाचें बोलणें ऐकत आहेत, हें दृश्य आम्हीं दुसरीकडे कोठें पाहिलेलें नाहीं. वक्ता परदेशी असला तर तो एक वाक्य इंग्रजींत बोले आणि शेजारीं उभा असलेला दुभाषी तें मलयाळींत सांगे. आम्हांस मलयाळी येत नाहीं. तरी इतकें कळलें कीं दुभाषाचें वाक्य मुळाहून लांब व जास्त रसाळ होतें, आणि लोक हंसले ते दोन्ही वेळां दुभाषाच्या वाक्याला! ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळीं मंडपांत ठिकठिकाणीं उभी असलेलीं माणसें वक्त्याचे शब्द मागच्यांना पुन्हा ओरडून सांगत. उदयंपेरूरलाही भाषांतरकार होता. मात्र तेथें ऐकणारानें शेवटीं सही करावयाची होती. येथें ऐकणारानें कांहींच करावयाचें नव्हतें. ठराव नाहीं, मतदान नाहीं, जाहीरनामा नाहीं. मनांत काय ठरवावयाचें असेल तें प्रत्येकानें वाळूवरून उठतांना ठरवावें.

प्रवचनांविषयीं आम्ही फारसें लिहीत नाहीं. कांहीं चांगलीं होतीं, कांहीं लांबलीं होतीं, आणि एक तर इतकें नीटनेटकें होतें कीं त्यांतलें कांहींच लक्षांत राहिलें नाहीं. पण गीतें राहिलीं. मलयाळी ख्रिस्ती गीतांचा इतिहास मोठा मनोवेधक आहे. त्यांतलीं कित्येक गीतें फोल्ब्रेख्ट नागेल नांवाच्या जर्मन मिशनऱ्यानें रचिलेलीं आहेत आणि तीं आतां इतकीं घरचीं झालीं आहेत कीं त्यांचा कर्ता परदेशी होता हें गाणाऱ्यांना आठवतही नाहीं. कांहीं साधु कोच्चुकुंजु उपदेशी ह्या गृहस्थाश्रमी प्रचारकाचीं आहेत. आपले रेव्हरंड टिळक ह्यांनीं अभंग आणि कीर्तन ह्यांच्या द्वारें जें केलें तेंच तेथें ह्या पदकर्त्यांनीं केलें. फरक इतकाच कीं टिळकांचे वाचक त्यांच्या मंडळीबाहेर पुष्कळ झाले. ह्यांचीं पदें मंडळीच्या आंतच राहिलीं. मराठींत हें घडलें ह्याचें श्रेय टिळकांइतकेंच मराठी काव्यरसिकांनाही दिलें पाहिजे.

आमचा मुक्काम कांठावरच्या एका घरीं होता. घरधनी ऐंशीच्या घरांतले होते, आणि तरुणपणीं खडकीस लष्करी हिशेबखात्यांत नोकरी केलेली असल्यामुळें त्यांना बाजारापुरतें मराठी येत होतें. तिकडच्या रीतीप्रमाणें सारे त्यांना अच्चायन म्हणत, म्हणून आम्हीही म्हणूं लागलों. ते आम्हांस ‘साहेब’ म्हणत आणि सकाळीं कांजी व उकडलेल्या मरचिनीचीं ताटें पुढें ठेवून ‘बसा, बसा, लाजूं नका’ असें मोठ्यानें मराठींत सांगत. त्यांच्या सुनेला तें ऐकून फार हंसूं येई.

एका रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं त्यांना विचारलें, “अच्चायन, ह्या मंडपांत सगळे एका वाळूवर बसतात. आपल्या लहानपणींही असेच बसत?”

ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “वाळूवर बसत, साहेब. चर्चमध्यें नाहीं. माझ्या वडिलांच्या शेतावर काम करणारे ख्रिस्ती होते. त्यांचें चर्च वेगळें. टेंकडीपलीकडे. आमचा कत्तनार महिन्यांतून एकदां तिकडे जाई.”

“आणि मंडपांत?”

“मंडपाच्या झावळ्या तेच विणीत. झावळ्या आमच्या नांवावर जात.” आणि थोड्या वेळानें, “आतां बदललें आहे. पण तुम्ही इरविपेरूरला जाऊन या. तेथले लोक काय सांगतात तें ऐका. मी सांगितलें तर तें माझ्या बाजूचें होईल.”

आम्हीं बिशपांचीं व मिशनऱ्यांचीं पुस्तकें वाचलीं होतीं; हें वाक्य त्यांपैकीं एकांतही नव्हतें.

इरविपेरूरकडे वळण्यापूर्वीं नदीविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे. ही पंपा शबरीमलैच्या पायथ्याहून येते. मकरसंक्रांतीस अय्यप्पाचे यात्रेकरू तिच्यांत स्नान करितात आणि पुढच्याच महिन्यांत खालीं तिच्याच वाळूवर ख्रिस्ती लोक बसतात. मारामणपासून जवळच चेरुकोलपुळा येथें १९१३ पासून हिंदूंची धर्मपरिषद भरते. तीही ह्याच नदीच्या वाळवंटांत, तशाच मंडपांत आणि मारामणच्या थोडीशी आधीं. शेजाऱ्याचें पाहून ती सुरू झाली असें म्हटल्यास कोणाला राग येऊं नये. चांगल्या गोष्टी शेजाऱ्याकडूनच घ्यावयाच्या असतात. कोळेंचेरीनें ह्याहून निराळी सभाही पाहिली आहे. ११ मे १९३५ रोजीं सी. केशवन ह्या ईळव पुढाऱ्यानें तेथें रामस्वामी अय्यर ह्यांच्याविरुद्ध जें भाषण केलें त्याबद्दल त्याला तुरुंगवास घडला. त्या चळवळींत ईळव, ख्रिस्ती आणि मुसलमान एकत्र होते. तोच केशवन १९५१ त त्रावणकोर-कोचीनचा मुख्यमंत्री झाला.

ती वाळू मात्र आतां पूर्वींसारखी राहिलेली नाहीं. इमारतींसाठीं वर्षांनुवर्षें झालेल्या उपशानें पंपेचें पात्र खोल गेलें. २००१ मध्यें केरळ सरकारला नदीकांठांच्या रक्षणासाठीं व वाळूच्या उपशाला आळा घालण्यासाठीं कायदा करावा लागला. ऑगस्ट २०१८ च्या महापुरांत रान्नी, कोळेंचेरी, आरन्मुळा हीं सारीं गांवें पाण्याखालीं गेलीं. अच्चायनांच्या ओसरीच्या खांबावर पाणी जेथवर चढलें होतें तेथें खिळ्यानें ओढलेली रेघ त्यांनीं आम्हांस दाखविली. ती आमच्या डोक्याच्या वर होती.

इरविपेरूर मारामणहून फार लांब नाहीं. पोय्कयिल योहन्नान, ज्यांना त्यांचे अनुयायी अप्पच्चन म्हणतात, ते १८७९ सालीं तेथें एका पराया कुटुंबांत जन्मले. त्रावणकोरांत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती १८५५ त. म्हणजे त्यांच्या आईबापांच्या पिढीनें ती स्वतः भोगलेली होती. ते मार थोमा मंडळींत आले, बायबल शिकले, उत्तम वक्ते झाले. पण बाप्तिस्मा झाला तरी जात तशीच राहते, देवाच्या घरींही वेगळी जागा मिळते, हें पाहून ते तेथून बाहेर पडले. दुसऱ्या एका पंथांत गेले, तेथेंही तेंच पाहिलें. आणि १९०९-१० च्या सुमारास त्यांनीं ‘प्रत्यक्ष रक्षा दैव सभा’ ह्या नांवाची स्वतःची मंडळी स्थापिली. त्यांचीं पदें आजही गातात. आमच्या वंशाचा इतिहास कोणत्याच ग्रंथांत लिहिलेला नाहीं, हें त्यांतलें मुख्य दुःख आहे. उदयंपेरूरला जळालेल्या पोथ्यांसाठीं हळहळणाऱ्या समाजाच्या शेतावरच हा मनुष्य वाढला, आणि त्याच्या लोकांची तर जाळावयासही पोथी नव्हती! १९२१ व १९३१ त ते श्रीमूलम् प्रजासभेचे सभासद होते. तेथें त्यांनीं आपल्या लोकांसाठीं जमीन आणि शाळा मागितल्या. १९३९ त ते वारले.

महाराष्ट्रांतील वाचकांस ह्या ठिकाणीं डॉ. आंबेडकरांची आठवण होईल. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास त्यांनीं धर्मांतराची घोषणा केल्यावर ख्रिस्ती मिशनांना त्यांच्याविषयीं मोठी आशा वाटूं लागली. बाबासाहेबांनीं ह्या प्रश्नाचा किती कसून अभ्यास केला होता हें त्यांच्या मागें राहिलेल्या लेखांवरून दिसतें. धर्मांतरित अस्पृश्याची स्थिति काय होते ह्यावर त्यांनीं स्वतंत्र निबंध लिहून ठेविला होता, आणि ख्रिस्ती मंडळ्यांत टिकून राहिलेली जात हाच त्यांतील त्यांचा मुख्य आक्षेप आहे. ज्या निर्णयाला ते अभ्यासानें आले त्याला योहन्नान पंचवीस वर्षें आधीं अनुभवानें आले होते. दोघांची गांठ पडल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

मारामणच्या सभेचा दोष काढणें येथें सोपें आहे, आणि केवळ दोष काढून थांबणें अन्यायाचें होईल. आज त्या समाजांत ह्या गोष्टी उघडपणें बोलल्या जातात. आणीबाणींत देशांतले पुष्कळ धर्माधिकारी गप्प बसले असतां ह्याच मंडळीचे मेट्रोपॉलिटन युहानोन मार थोमा ह्यांनीं ती उठवावी म्हणून पंतप्रधानांस पत्र लिहिलें होतें. वाळूवर एकत्र बसण्याचा कांहींच परिणाम झाला नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. वर्षांतून आठ दिवस कां होईना, ज्यांचें चर्च टेंकडीपलीकडे होतें ते मालकाच्या शेजारीं बसले, आणि जें एकदां पाहिलें तें डोळे विसरत नाहींत. पण आठ दिवसांनंतर मंडप सोडून सारे आपापल्या चर्चला परत जात, आणि तें चर्च दगडाचें होतें. झावळ्यांखालीं जें सहज साधलें तें कौलांखालीं साधण्यास पाऊणशें वर्षें लागावीं, आणि तेंही पुरतें साधूं नये, ह्याचें उत्तर त्या समाजानें आपल्या इतिहासकारांकडे मागितलें पाहिजे. ते अजून १६५३ च्या शपथेंतच रमलेले आहेत.

आम्ही इरविपेरूरला गेलों तो दिवस १७ फेब्रुवारीच्या आगेमागेंच होता. १७ फेब्रुवारी हा योहन्नान ह्यांचा जन्मदिवस, आणि त्या सुमारास त्यांच्या समाधिस्थळीं त्यांच्या मंडळीचा उत्सव भरतो. पांढरे कपडे घातलेल्या माणसांच्या रांगा रस्त्यानें चालल्या होत्या. हातांत पताका, बरोबर मुलेंबाळें. ह्यांपैकीं कित्येकांच्या आज्यांनीं मारामणच्या मंडपासाठीं झावळ्या विणल्या असतील. दाराशीं एका तरुणानें आमचें नांवगांव विचारलें. महाराष्ट्रांतून आलों म्हणतांच त्यानें आंबेडकरांचें नांव घेतलें, आणि आम्हांस पुढच्या रांगेंत, जमिनीवर, आपल्या आजीशेजारीं बसविलें. गाणें सुरू झालें होतें.